मगदूम सरांनी शिकवलेला ‘बोर्ड’

निपाणीच्या हायस्कुलात मी रुजू झालो त्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एक गृहस्थ भाकरी खात बसले होते. डोक्याला पांढरा रुमाल, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट, पुढ्यात फडक्यातून गाळलेल्या पाण्याचा तांब्या. मी नाव सांगितलं, तसा त्यांनी घास खाली ठेवला.

“जाधव म्हणजे काय?”

“आडनाव आहे.”

“ते कळलं हो. अर्थ काय त्येचा?”

मला सांगता येईना. ते हसले नाहीत. उलट काळजीत पडल्यासारखे म्हणाले, “असू दे. बघूया की. सापडंल.”

आठ दिवसांनी वर्गाकडे जाताना त्यांनी मला जिन्यात अडवलं. “यादव. यादवाचा जाधव झालाय. लई मोठं घर हाय तुमचं, जाधव सर!” माझी सोयरीक जमवून आल्यासारखा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

हे बाबगोंडा मगदूम. निपाणीजवळच्या बोरगावचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. शिक्षण मॅट्रिक. वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायचे. त्या काळी खेड्यापाड्यांच्या शाळांतून मॅट्रिक झालेले शिक्षक असत, पण हायस्कुलात वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवणारा मॅट्रिक माणूस आमच्याकडे हा एकच होता. मी बी.ए. होतो. बेळगावजवळच्या मच्छे गावचा, घरातला पहिला शिकलेला. माझ्या थोरल्या भावानं चौथीत शाळा सोडून औत धरलं, म्हणून मी कोल्हापुरात राहून शिकू शकलो. नोकरी लागली होती, पण कायम झालेली नव्हती. घरी गेलो की वडील जेवायला बसण्याआधी विचारायचे, “कायम झालास काय रं?” पुढं जे झालं त्याला सबब म्हणून मी हे सांगत नाही. पण ते खरं होतं.

मगदूम सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “शब्दाला घर असतंय. घर बघितल्याबिगर सोयरीक करू नये.” कोणताही नवा इंग्रजी शब्द आला की ते आधी त्याचं घर शोधायचे, मग तो मुलांना द्यायचे. त्यासाठी त्यांच्याकडे जाडजूड वही होती. तीन रकाने आखलेले: इंग्रजी, मराठी, कानडी. बोरगावची माणसं दोन्ही भाषांत जन्मतात. सरांना तर आपण कोणत्या भाषेत बोलतोय हे बोलून झाल्यावरच कळायचं.

शनिवारी दुपारी शाळा सुटली की ते चालत बोरगावला निघायचे. सूर्य मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे, म्हणून पावलं झपाझप पडायची. पण वाटेत एखादा शब्द भेटला की थांबायचे. एकदा मी त्यांना सोडायला मोटार स्टँडापर्यंत गेलो होतो. सर्व्हिस मोटारीच्या टपावर सामान बांधणाऱ्या माणसाला सगळे ‘किन्नर, ए किन्नर’ म्हणून हाका मारत होते. सरांनी त्याला खाली बोलावलं आणि त्याच्या कामाची बारीकसारीक चौकशी केली. मोटार पुसतोस काय, धुतोस काय. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “क्लीनर, जाधव सर! इंग्रजांच्या घरातनं पुसायचं फडकं घेऊन निघाला आणि निपाणीत येऊन गंधर्वांच्या पंगतीला बसला!” तो बिचारा किन्नर आपलं काही चुकलं की काय म्हणून हात जोडून उभा होता. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पायीच निघाले.

शब्दांच्या मागं हा माणूस असा का लागला, हे मी एकदा विचारलं. तंबाखूच्या वखारींच्या मागच्या रस्त्यानं आम्ही फिरायला गेलो होतो. एका वखारीच्या कट्ट्यावर ते टेकले. मग सांगितलं.

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. ते नुकतेच मॅट्रिक झाले होते, आणि अख्ख्या गावात इंग्रजी वाचणारा तो एकच पोरगा. शेजारच्या आळीतला एक मराठ्याचा मुलगा पलटणीत होता, दूर इराकाकडे. एका संध्याकाळी त्याच्या घरी तार आली. सगळं घर तार घेऊन सरांच्या दारात. तारेत त्या मुलाचं नाव, नंबर आणि ‘एम्बार्क्ड’ असा शब्द.

“मला त्यो शब्द येत नव्हता,” सर म्हणाले. “बार्क म्हणजे कुत्र्याचं भुंकणं, बार्क म्हणजे झाडाची साल, एवढंच ठावं. आता येत न्हाय म्हणून सांगायचं की न्हाय? पर समोर त्येची आई, बायको, सगळं गाव. मॅट्रिक झालेला पोरगा. मला लाज वाटली. मी म्हणालो, ‘कायतरी झालंय त्याला. बरं दिसत न्हाय.’”

त्यांचा तो चेहरा बघूनच आईनं टाहो फोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी निपाणीच्या पोस्टमास्तरांनी तार वाचली. एम्बार्क म्हणजे नावेत बसणं. बार्क म्हणजे गलबत. मुलगा जहाजात बसला होता, घरी यायला निघाला होता.

“पर सकाळीच घरातल्या म्हाताऱ्यांनी त्या पोरीच्या बांगड्या फोडल्या हुत्या. सोळा वर्षांची व्हती ती.” सर उठले. “नवरा परत आला. नव्या बांगड्या भरल्या. पुढं चार लेकरं झाली. अजून शेजारच्याच आळीत राहत्यात. ती वाटेत भेटली की ‘अण्णा, बरं हाय न्हवं’ म्हणत्या. मी मान खाली घालतो. तिच्या हाताकडं मला अजून बघवत न्हाय.”

परत येताना त्यांची पावलं झपाझप पडत होती.

‘बोर्ड’ शब्दाची कथा सुरू झाली ती त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी. सहावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गाच्या पुस्तकात एक धडा होता. त्यात प्रवासी पुलाजवळ मोटारीत चढतात, आणि ‘चढले’ याला शब्द होता ‘बोर्डेड’. सरांनी त्या दिवशी सुताराकडून एक फळी आणून वर्गात टाकली. मी बाजूच्या वर्गावर होतो. माझी मुलं लिहीत होती, म्हणून मी दाराशी येऊन ऐकत उभा राहिलो.

“ही काय?”

“फळी!” सगळा वर्ग ओरडला. “हलगे,” मागच्या बाकावरून कानडीतून आलं.

“बोर्ड. हीच बोर्ड. काळी केली, भिंतीला लावली, तर फळा झाली. पाय लावलं, वर ताट ठेवलं, तर टेबल झाली. त्या टेबलावर जेवतोय म्हणून जेवणालाच बोर्ड म्हणाय लागले. कोल्हापूरच्या बोर्डिंगात आपली पोरं जेवत्यात, राहत्यात, ती ह्याच फळीवर. मोठी माणसं फळीभोवती बसून कारभार करत्यात, त्ये लोकल बोर्ड. आणि जहाजाची बाजू असत्या फळ्यांची. ती बाजू म्हणजे बी बोर्ड. समुद्रात एक जहाज दुसऱ्याच्या बाजूला भिडायचं आणि माणसं त्या बाजूवरनं पलीकडं चढायची. ती बोर्ड करायची. मग जहाज गेलं, आगगाडी आली. आगगाडीला बी बोर्ड. आता मोटारीला बी.”

मग त्यांनी एकेका मुलाला फळी ओलांडायला लावली. चाळीस मुलं एकामागून एक फळी ओलांडत ‘आय बोर्ड, आय बोर्ड’ म्हणत होती. माझ्या वर्गातली मुलं लिहायचं सोडून ते ऐकत होती.

मला बरं वाटलं नाही, हे कबूल करायला हवं. मी बी.ए. ला इंग्रजी घेतलं होतं, पण ‘बोर्ड’ म्हणजे चढणं यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना म्हटलं, “हे तुम्ही कुठून काढलं?”

“माझ्याकडं जुनी डिक्शनरी हाय. पर मधली पानं गेल्यात. थोडं वाचलेलं, थोडं मी जुळवलेलं. बोर्डिंगापतोर पक्कं हाय. जहाजाच्या बाजूचं मात्र पुरतं पक्कं न्हाय.” मग जरा घुटमळून म्हणाले, “दिवाळीत तुम्ही बेळगावला जाणार न्हवं? कॅम्पातल्या वाचनालयात मोठी डिक्शनरी असत्या म्हणत्यात. तेवढं बघता काय?”

मी बघितलं. दिवाळीच्या सुट्टीत मच्छ्याहून चालत बेळगावला गेलो आणि वाचनालयातला तो जाड ग्रंथ उघडला. फळी, टेबल, जेवण, मंडळ, जहाजाची बाजू, बाजूला भिडून चढणं, आणि मग गाडीत चढणं. मगदूम सरांनी जुळवलेलं सगळं तिथं छापलेलं होतं. बोरगावच्या शेतकऱ्याच्या पोरानं फाटक्या डिक्शनरीवरून जे ओळखलं होतं, ते मला बी.ए. होऊन माहीत नव्हतं. मी पुस्तक मिटलं ते कोणी माझी चूक पकडावी तसं.

सुट्टी संपून परत आलो. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “बघितलासा काय?”

“वेळ मिळाला नाही,” मी म्हणालो.

त्यात वाईट हेतू नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. चार दिवसांनी सांगू, एवढंच. पण चार दिवसांनीही सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, कारण दुसऱ्याला दोनदा भीड घालायची नाही हा त्यांचा स्वभाव.

जानेवारीत शाळेची तपासणी आली. शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर आले. हुशार, कडक, पाठीत ताठ. शाळेचा शेरा आणि आम्हा कच्च्या शिक्षकांचं कायम होणं त्यांच्या हातात. सहावीचा इंग्रजीचा तास त्यांनी बघायचा ठरवला. पुढचा तास माझा होता, म्हणून हेडमास्तरांनी मलाही दाराशी उभं केलं होतं.

इन्स्पेक्टरांनी पुस्तक चाळलं आणि नेमका तोच धडा काढला. पहिल्या बाकावरच्या एका मुलाला विचारलं, “बोर्डेड म्हणजे काय?”

मुलगा तोंडपाठ केल्यासारखा उठला. “बाजूवरून चढले, सर.”

“बाजूवरून? खिडकीतून की काय?” वर्गात हशा पिकला. हेडमास्तरही हसले.

“न्हाय सर. जहाजाच्या बाजूवरून. बोर्ड म्हणजे फळी, सर.”

“धड्यात जहाज कुठं आहे? मोटार आहे. कोणी शिकवलं हे?”

मगदूम सर पुढं झाले. इंग्रजीतच सांगायला लागले, पण घाबरल्यामुळं त्यांचं इंग्रजी अडखळायला लागलं. मग ते मराठीत आले. फळी, टेबल, बोर्डिंग, जहाज. इन्स्पेक्टर ऐकत होते, पण त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं.

“मास्तर, मुलांना इतकं लांब कशाला नेता? मोटारीच्या कपाळावर गावाच्या नावाचा बोर्ड लावलेला असतो. प्रवासी तो वाचतो आणि चढतो. म्हणून बोर्डेड. इतकं सोपं आहे.”

“अगदी बरोबर, साहेब,” हेडमास्तर म्हणाले.

मगदूम सरांनी रुमाल सारखा केला. “साहेब, चुकत असंन तर माफी असावी. पर हा शब्द मोटारीच्या आधीचा हाय. मोटार न्हवती तवा जहाजाला...”

“तुमचं शिक्षण काय?”

“मॅट्रिक, साहेब.”

इन्स्पेक्टर वळले. दाराशी मी होतो. “तुम्ही ग्रॅज्युएट ना? तुमचा विषयही इंग्रजीच होता, असं हेडमास्तर म्हणाले. तुमचं काय मत?”

मगदूम सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत आशा होती असं मी म्हणणार नाही. कुतूहल होतं. एखादा अडलेला शब्द उलगडेल, इतकंच.

“साहेब म्हणतात तेच बरोबर आहे,” मी म्हणालो. आणि मग, कोणी विचारलं नसताना, पुढं जोडलं, “मी बेळगावला मोठ्या डिक्शनरीत पाहिलं आहे.”

ते दुसरं वाक्य मी का बोललो, याचं उत्तर मी आयुष्यभर शोधतोय. पहिल्या वाक्यावर भागलं असतं. घाबरलेला माणूस साहेबाला होय म्हणतो, हे जगाला माहीत आहे. पण ते दुसरं वाक्य भीतीचं नव्हतं. वाचनालयात ते पान वाचताना जे मनात आलं होतं, त्यातून ते आलं होतं.

मगदूम सरांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. “बघितलासा व्हय?” ते म्हणाले. इन्स्पेक्टर समोर उभे आहेत हे विसरूनच म्हणाले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की मी काय सांगितलंय. त्यांनी दोनदा मान हलवली आणि वर्गाकडे वळले.

“पोरांनो, माझं चुकलं. साहेब सांगत्यात त्ये बरोबर हाय. वह्या काढा. मागचं खोडा. लिवून घ्या.”

चाळीस मुलांनी खोडलं. कागदावर टाक ओढल्याचा आवाज मी दाराशी उभा राहून ऐकला.

मला वाटलं होतं, ते माझ्यावर चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. शाळा सुटल्यावर ते माझ्याजवळ आले, वही उघडून. “नेमकं काय लिवलंय तिथं? तुमच्या शब्दांत सांगा. मी नीट लिवून घेतो.” मी इन्स्पेक्टरांचंच वाक्य पुन्हा म्हटलं. त्यांनी तीन रकान्यांतलं जुनं सगळं एका रेघेनं खोडलं, नवं लिहिलं आणि शेवटी कंसात घातलं: जाधव सर, बी.ए., बेळगाव. त्यांच्या वहीत प्रत्येक शब्दापुढं तो कोणी सांगितला त्याचं नाव असे. पोस्टमास्तर, सुतार, तंबाखू वखारीतली कुणी बाई. त्या यादीत माझं नाव गेलं.

महिन्याभरात शेरा आला. मॅट्रिक शिक्षकाकडे वरच्या वर्गांचं इंग्रजी ठेवू नये. मी कायम झालो, आणि त्यांचे वर्ग मला मिळाले.

वर्ग सोपवताना ते एक कागद घेऊन आले. त्यावर मुलांची नावं होती. “हा आदगोंडा, ह्येला वाचाय येतंय पर बोलाय लाजतोय. त्येला उभा करू नका, बसूनच बोलू द्या. हा मुल्ला, ह्येला स्पेलिंग येत न्हाय, पर गोष्ट लई भारी सांगतोय. ह्या दोघांना शेजारी बसवू नका.” अशी चाळीस मुलं. कागद देऊन म्हणाले, “तुमच्या हाती पोरं चांगली पडली. मला उगंच काळजी व्हती.”

त्यांना हायस्कुलातल्या सगळ्यात खालच्या वर्गाचं, पहिलीचं गणित आणि भूगोल दिला. त्यांनी तक्रार केली नाही, पण बदलले. आधी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं बोलायचे. आता एखादा शब्द निघाला की थांबायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, “असंच न्हवं, जाधव सर?” ज्या माणसानं मला माझ्याच आडनावाचा अर्थ शोधून दिला, तो आता साध्या शब्दालाही माझी मान हलण्याची वाट बघायचा. वही हळूहळू कमी दिसायला लागली. एक दिवस मी विचारलं, “वही कुठं आहे?” तर म्हणाले, “आता नको वाटतंय. एक चुकलं म्हणजे आणि किती चुकलं असंल कुणाला ठावं. फाटक्या पुस्तकावरनं मी काय काय जुळवत बसलो.”

त्याच आठवड्यात मी त्यांना सांगायचं ठरवलं. बाजाराच्या दिवशी त्यांना गाठलं. म्हटलं, “सर, त्या तपासणीच्या दिवशी...”

त्यांनी माझा हात धरला. “तुम्ही लई उपकार केलासा. जवळचा माणूस चुकतोय म्हणून कुणी दुसरा गप बसला असता. तुम्ही खरं त्ये सांगितलासा. न्हायतर मी पोरांना जन्मभर खोटं शिकवत बसलो असतो.”

मी त्यांच्या पिशवीतल्या वांग्यांकडे बघत उभा राहिलो. मग म्हणालो, “भाव फार चढलेत नाही आज?”

वर्ष-दीड वर्षानं त्यांनी शाळा सोडली. कोणी काढलं नाही. आईची तब्येत बरी नाही, शेताकडं बघायला माणूस नाही, असं म्हणाले. निरोप समारंभात हेडमास्तर दोन वाक्यं बोलले. मी बोललो नाही. डोकं दुखतंय म्हणून घरी बसलो.

मग वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली. निपाणी सोडून मी बेळगावला आलो, पिरनवाडीकडं घर बांधलं. इंग्रजी शिकवतच राहिलो. ‘बोर्ड’ शब्द आला की मी मुलांना नुसतं ‘चढणे’ असं सांगायचो आणि पुढं जायचो. खरा अर्थ सांगायला गेलो असतो तर मगदूम सरांचं नाव घ्यावं लागलं असतं. दुसरं महायुद्ध आलं आणि गेलं. स्वराज्य येणार, येणार असं सगळीकडे चाललं होतं.

त्या सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला मी बोरगावला निघालो. निपाणीहून मोटार धरली. कंडक्टर बावीस-तेवीस वर्षांचा, बोलका, बोरगावचाच. गाडी वाटेत थांबली तेव्हा एक लहान मुलगी घेऊन बाप चढला. मुलगी शाळेत जाणारी होती. कंडक्टरनं तिला विचारलं, “इंग्रजी शिकत्यास काय गं? मग सांग, गाडीत चढलं तर काय म्हणत्यात?”

मुलीनं ‘न्हाई’ म्हणून मान हलवली.

“बोर्ड! का म्हाईत हाय? गाडीवर बोर्ड असतोय न्हवं, त्यो वाचायचा आणि चढायचं. आमच्या मगदूम मास्तरांनी शिकवलंय. मास्तर असंच कायबी सांगत न्हाईत. बेळगावचे जाधव सर म्हणून लई शिकलेले हायत, त्यांनी मोठ्या पुस्तकात बघून सांगितलंय.”

शेजारचा माणूस म्हणाला, “व्हय काय? मला आज कळलं.”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कंडक्टरनं माझं नाव विचारलं नाही, ही देवाची कृपा.

बोरगावात उतरलो तेव्हा लग्नाचा ताशा वाजत होता. मी मांडवाकडे गेलो नाही. एका माणसाला विचारलं आणि मगदूम सरांच्या घरी गेलो.

ते दारापुढच्या सोप्यात बसून पेरणीसाठी शेंगा फोडत होते. वयाच्या मानानं फारच म्हातारे दिसत होते, नजर कमी झाली होती. मला आवाजावरून ओळखलं. “जाधव सर! या की, या!” आत हाक मारली, “अगं, आमचे बी.ए. सर आलेत. ताक आण.” त्यांची बायको, आक्का, ताकाचा पेला घेऊन आली आणि उंबऱ्याशी बसली. सरांनी मुलाबाळांची चौकशी केली. मग म्हणाले, “हितं बी चार पोरं येत्यात इंग्रजी शिकायला. शाळेत न्हाई जमलं तर हितं बसत्यात. तुम्ही सांगितलेलं सगळं मी तसंच सांगतो. तुमचं नाव घेऊन.”

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. दिवाळीत काय वाचलं ते, वेळ मिळाला नाही म्हणून खोटं बोललो ते, आणि तपासणीच्या दिवशी जे बोललो ते. जमिनीकडं बघून सांगितलं. शेंगा फोडण्याचा आवाज केव्हा थांबला, मला कळलंही नाही.

“तुम्ही बघितलं व्हतं,” ते म्हणाले.

“होय.”

“आणि जहाजाच्या बाजूचं?”

“तुम्ही म्हणत होता तसंच होतं. शब्दन् शब्द.”

मी वर बघितलं. त्यांचा चेहरा क्षणभर फुलला होता. “तसंच व्हतं?” ते पुन्हा म्हणाले. “मी जुळवलेलं तसंच?” हातातली शेंग त्यांनी बोटांत फिरवली. पण ते फार टिकलं नाही. कपाळावर आठी आली, आणि मला वाटलं आता येईल. आता ते बोलतील, आणि मी ऐकून घेईन. त्यासाठीच मी आलो होतो.

“मग एवढ्या पोरांना मी काय सांगत बसलोय?” ते म्हणाले.

“सर...”

“दहा-बारा वर्षं झाली की हो.” ते बोटं दुमडून मोजायला लागले. “रायगोंडा. त्येचा धाकटा भाऊ. पायगोंडाची दोन पोरं. शिंप्याचा पोरगा. तो मोटारीवर गेलाय, कंडक्टर, तो तर सगळ्यांना सांगत असंल. मशिदीजवळच्या मुल्लाची पोरगी...” ते उठले. “अगं, रुमाल दे.”

“ऊन लई हाय,” आक्का म्हणाल्या. “उद्या जावा.”

“उद्यापतोर एक दिवस वाढतोय की.”

मीही उठलो. “मी येतो सर. मी सांगतो सगळ्यांना. चूक माझी होती.”

रुमाल बांधता बांधता त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मी त्या वेळी ओझं झालो होतो इतकंच, कामाच्या घाईत पाहुणा व्हावा तसं. “नको. तुमचं नाव कशाला मधी? त्यांना मी सांगितलंय. ही सोयरीक मीच मोडतो. तुम्ही बसा.”

काठी घेऊन ते बाहेर पडले. मी सोप्याच्या खांबाला धरून उभा होतो. पहिल्या घरापुढं थांबून त्यांनी हाक मारली, “रायगोंडा, हाईस काय रं घरात?” चिखलानं भरलेल्या हातांनी एक उंच बाप्या बाहेर आला. सर त्याला काहीतरी सांगायला लागले, दोन्ही हात लांब करून, एका जहाजाची बाजू दुसऱ्याला भिडते तसं दाखवत. तो हसला, पण मग सरांचा चेहरा बघून हसायचं थांबला आणि मान खाली घालून ऐकायला लागला. सर पुढच्या दाराकडे वळले. तिथून पुढच्या. मग गल्ली वळली आणि दिसेनासे झाले. मगदूम सरांना मी त्यानंतर पाहिलं नाही.

माझ्या हातात ताकाचा पेला तसाच होता. आक्कांनी तो घेतला, पुन्हा भरून माझ्यापुढं ठेवला.

“प्या की,” त्या म्हणाल्या. “त्यास्नी येळ लागंल. लई पोरं हायत त्यांची.”